ग्यानबाचं पथ्य

"नवरा गेला त्याचं दुःख मी माझं बघून घेईन, बाई. तुमी फकस्त एवढं सांगा, रूपाबाईनं मारलं का न्हाई?"

पाणी पुढं केलं तर निर्मलाबाईंनी तांब्याला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची दिली तर भिंतीला टेकून खालीच बसल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, कपाळ मोकळं, आणि आवाजात रडण्याचा पत्ता नाही. असली माणसं फार अवघड. रडणाऱ्याची समजूत तरी काढता येते.

द्वारकाबाईंनी घाई केली नाही. पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त होऊन त्यांनी वसमतला बसस्थानकामागं खाजगी तपासाची पाटी लावली, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणून बाई गप्प राहिल्या. आता तेच गाव सोयरीक जमवण्याआधी मागच्या दारानं येऊन मुलाची चौकशी करायला सांगतं.

जोडीला त्यांचे दीर कोंडीबा, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मोटारसायकल चालवायला वाघ, पण डोकं मात्र घाटात चढणाऱ्या गाडीसारखं चालायचं. रोज सकाळी दुधी भोपळ्याचा रस पितात आणि दुसऱ्यालाही पाजायला बघतात, हा त्यांचा आणखी एक दोष.

"पहिल्यापासून सांगा," द्वारकाबाई म्हणाल्या.

निर्मलाबाईंचा नवरा ग्यानबा, वसमतजवळच्याच गावचा हळदीचा शेतकरी. हृदय मोठं झालेलं, पाय सुजायचे. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. दिवाळीनंतर त्यांनी गोळ्या सोडल्या आणि विजयकुमार नावाच्या माणसाची वनौषधी पावडर धरली. सूज भराभर उतरली, छातीतली धडधड बसली, माणूस पुन्हा बांधावर फिरायला लागला. आणि मग संक्रांत झाली नाही तोच अन्न जाईना. सारख्या ओकाऱ्या.

"एक दिवस ताटावरून उठले. म्हणले, भातात हळद काहून टाकली? भात पांढराफेक व्हता, बाई. दह्याला पिवळं म्हणले, धोतराला पिवळं म्हणले. बल्बाभवती पिवळं कडं दिसून राहिलं म्हणले."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटायचं? कावीळ झालेल्याला सारं जग पिवळं दिसतं, हे शेंबडं पोरगं बी सांगंल. माझ्या पोरानं, बालाजीनं, तेंना तांड्यावर नेलं. काविळीची माळ रूपाबाईच बांधती. तिनं माळ बांधली, ताकात कायतरी उगाळून पाजलं. दुसऱ्या दिशी हे अंगणात पडले ते उठलेच न्हाईत."

बालाजीनं तक्रार दिली. पोलिसांनी रूपाबाईला उचललं. गावातल्या चार शहाण्यांनी तांड्यावर जाऊन तिच्या घरावरचं छप्पर ओढून काढलं. म्हातारीचं घर मोडायला कुणाचा अहवाल लागत नाही ना!

"बालाजीच्या टायमाला माझ्या उशाशी तीच बसली व्हती," निर्मलाबाई म्हणाल्या. "तिच्यावर आळ घेववत न्हाई, आन् पोटच्या पोराला खोटं म्हणवत न्हाई. उद्या तिला कोर्टात उभी करणार हायेत."

"खरं एकदा बाहेर आलं की परत आत घालता येत नाही, निर्मलाबाई. ते कुणाच्याही अंगावर पडतं."

"पडू द्या."

ठाण्यातले फौजदार नवीन होते तेव्हा द्वारकाबाईंनीच त्यांना काम शिकवलं होतं. त्यांनी रूपाबाईला भेटू दिलं, पण मान हलवून सांगितलं, "पोटातल्या नमुन्यांचा अहवाल यायला महिने लागतील, बाई. तोवर ही आतच."

रूपाबाई गुडघ्याला मिठी मारून बसली होती. अंगावर आरसे लावलेली जुनी लमाणी कांचळी, दंडात बांगड्या, आणि डोळ्यांत राग. भीती नव्हती, नुसता राग.

"मी तेंच्या पापण्या उलट्या करून पाह्यल्या. डोळे कापसावाणी पांढरे. लघवी इचारली, साफ. म्हणलं, ही कावीळ न्हाई, दवाखान्यात न्या. बालाजी आयकतो व्हय? म्हणला, आमी काय यडे हाव का, आबाला पिवळं दिसून राहिलं अन् तू न्हाई म्हणती? मंग बांधली माळ."

"ताकात काय उगाळलं?"

रूपाबाईनं मान फिरवली. "काय न्हाई."

"म्हणजे?"

"निसतं ताक व्हतं. सहाणेवर मुळी फिरवल्यावाणी केली. कायतरी पोटात गेल्याबिगर लोकायचं समाधान होत न्हाई, बाई. फौजदाराला हेच सांगितलं तर ते हसले."

बाहेर आल्यावर कोंडीबा म्हणाले, "वहिनी, हे काही पटत नाही. औषध देणारी बाई, आणि औषध दिलंच नाही म्हणते!"

"भावजी, पेशंटला फसवलं हे ती आपल्या तोंडानं सांगतेय. जीव वाचवायला कुणी असलं लाजिरवाणं खोटं रचतं का? चांगलं खोटं रचलं असतं तिनं."

"मग विष आलं कुठून?"

"आधी तिच्याकडं का गेले ते बघू."

विजयकुमारचं केंद्र बाजाराच्या तोंडाशीच होतं. भिंतीवर तांबडं हृदय, त्याशेजारी हा एवढा मोठा डोळा, खाली गाजर, आवळा, शेवग्याच्या शेंगा. हृदय, नजर, सांधे, सगळ्यांचा मुक्काम एकाच दुकानात. माणूस गोड. इतका गोड की साखरेच्या पेशंटनं लांबूनच बोलावं.

"केमिकल म्हणजे विष, ताई. माझ्याकडं निसर्ग आहे. अर्जुनाची साल, शेवग्याचा पाला, आवळा. हृदयाचा कुठलाही त्रास असो, सगळ्यांना हेच. चौथं काही नाही."

मागच्या फळीवर डबे ओळीनं लावलेले होते. प्रत्येक डब्यावर माणसाचं नाव.

"कुणालाही मिळतो का डबा?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"छे, छे! येताना डॉक्टरची चिठ्ठी आणायची. ती बघितल्याशिवाय मी डबा देत नाही. जबाबदारीचं काम आहे."

"आणि पथ्य?"

"एकच. वांगं खा, आंबट खा, माझं काही म्हणणं नाही. पण पावडर चालू असताना डॉक्टरची गोळी तोंडात घालायची नाही. घातली की पावडर उलटते. ग्यानबाकाका पथ्याला पक्के होते, म्हणून तर उठून फिरायला लागले. त्या तांड्यावरच्या बाईनं घात केला." त्यानं हळहळून दाखवलं. "मी माझ्या माणसांना जपतो, ताई. मध्ये जनकाबाई म्हणून आमच्या एक आहेत, त्यांचा डबा चुकून ग्यानबाकाकांच्या पिशवीत गेला. मी जेवणावरून उठलो, गाडीला किक मारली आणि स्वतः जाऊन बदलून आणला."

कोंडीबांचा ऊर भरून आला. बाहेर येताना म्हणाले, "असा सेवाभाव हल्ली बघायला मिळत नाही, वहिनी."

"नाहीच मिळत," द्वारकाबाई म्हणाल्या आणि मागं वळून त्यांनी त्या डब्यांकडं पुन्हा एकदा बघितलं.

डॉक्टर चिडलेलेच होते. चिडायला त्यांना कारण लागत नसे, पण इथं होतं.

"दिवाळीनंतर हा माणूस फिरकलाच नाही! ती गोळी मापाची असते. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर घात. ओकाऱ्या होतात, नजर बिघडते, ठोके चुकायला लागतात. म्हणून मी रक्त तपासायला बोलावतो. पण नाही, यांना झाडपाला पाहिजे."

"घरच्यांना हे सांगितलं होतं?"

"संक्रांतीच्या बाजारात त्यांची बायको भेटली. चांगलं झापलं मी तिला. म्हटलं, गोळी अशीच बंद राहिली तर कुंकू पुसायची तयारी ठेव."

"काय म्हणाल्या त्या?"

"काय म्हणणार? खाली मान घालून ऐकून घेतलं."

द्वारकाबाईंनी आणखी एक प्रश्न काविळीबद्दल विचारला. डॉक्टर मोठ्यानं हसले, आणि हसण्याच्या भरात का होईना, उत्तर देऊन गेले.

ग्यानबांच्या घरी बालाजी ओसरीवरच आडवा आला. धिप्पाड पोरगा, डोळे सुजलेले.

"तपास काय करायचा त्यात? आबा बरे झाले व्हते. मीच तेंना विजयकुमार साहेबाकडं नेलं व्हतं. त्या बाईनं मारलं, सारं गाव सांगतंय."

"गाव तिथं नव्हतं, तू होतास. रूपाबाई म्हणाली होती का, कावीळ नाही, दवाखान्यात न्या?"

बालाजी खाली बघायला लागला. "म्हणली व्हती. पर तिला काय कळतं?"

"कळत नाही तर तिच्याकडं नेलंस कशाला?"

बालाजी वाटेतून बाजूला झाला, आवाजही उतरला.

"गोळ्या कुठायत आबांच्या?"

"आबांनी माझ्यासमोर उकिरड्यावर फेकल्या दिवाळीतच. घरात एक गोळी न्हाई. साहेबानं पथ्य सांगितलं की आबांसाठी ते देवाचं बोलणं. च्या सोडा म्हणले असते तर त्योबी सोडला असता."

"शेवटी शेवटी जेवण काय होतं?"

"जेवण कुठलं? सांजच्याला मायच्या हातचं माडगं तेवढं घ्यायचे. हुलग्याचं, गूळ घातलेलं. दुसरं कायबी पोटात ठरत नव्हतं, पर मायनं वाटी धरली की न्हाई म्हणायचे न्हाईत."

निर्मलाबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. ग्यानबांचा उरलेला पावडरचा डबा द्वारकाबाईंनी त्यांच्याकडून मागून घेतला आणि परसात गेल्या.

परसात कोथिंबिरीचा वाफा होता, हिरवागार. चिमण्या बसू नयेत म्हणून त्यावर दोरी ताणलेली, आणि दोरीला गोळ्यांची रिकामी चंदेरी पाकिटं बांधलेली. वारा आला की ती चमकत होती.

"झकास युक्ती!" कोंडीबा म्हणाले. "मी पण करतो आपल्या मेथीवर."

द्वारकाबाईंनी दोरी हातात धरून एकेक पाकीट उलटून पाहिलं. मग घरात वळून विचारलं, "निर्मलाबाई, ही कोथिंबीर कधी टाकली?"

"संक्रांत झाल्यावर," आतून आवाज आला. "काहून?"

"छान आलीये," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की कोंडीबांनी दुधीच्या रसाचं बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या वाटेवर फौजदारांनी जीप ग्यानबांच्या दारात थांबवली. द्वारकाबाईंनी तशी गळच घातली होती. रूपाबाईला अंगणात शिपायाजवळ उभं केलं. निरोप मिळताच विजयकुमार आला तो पांढऱ्या शर्टात, सांत्वनाला आल्यासारखा, आणि ओसरीवर बसला. बालाजी खांबाला टेकून, निर्मलाबाई उंबऱ्यावर.

द्वारकाबाईंनी सुरुवात केली. "ग्यानबांना पिवळं दिसायला लागलं, म्हणून त्यांना तांड्यावर नेलं. बरोबर? म्हणजे आजार आधी आणि रूपाबाई नंतर. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर खुशाल द्या, पण निदान संन्यासी चोरीच्या आधी तरी यायला पाहिजे होता."

"पर कावीळ..." बालाजी म्हणाला.

"कावीळ नव्हतीच. काविळीत माणसाचे डोळे पिवळे होतात, त्याला जग पिवळं दिसत नाही. ती म्हण आहे बाळा, वैद्यकी नाही. ग्यानबांचं उलटं होतं. डोळे पांढरे आणि भात पिवळा. रूपाबाईनं ते पापणी उलटून ओळखलं. तुम्ही म्हणीवर विश्वास ठेवला, माणसावर नाही. भात पिवळा दिसणं, दिव्याला कडं दिसणं, ओकाऱ्या, आणि मग हृदय बंद पडणं, हे सगळं एकाच गोष्टीनं होतं. डॉक्टरनं दिलेली हृदयाची गोळी जास्त झाली की."

"आबा तर गोळी घेतच नव्हते!"

"घेत होते. दोन्हीकडून."

द्वारकाबाई विजयकुमारकडं वळल्या.

"तुमचा पाला सगळ्यांना सारखाच म्हणता, तर डब्यांवर नावं कशाला? जनकाबाईचा पाला ग्यानबांनी खाल्ला असता तर काय आकाश कोसळणार होतं, की तुम्ही जेवण टाकून धावलात? डॉक्टरचं औषध म्हणजे विष, तर त्या विषाची चिठ्ठी बघितल्याशिवाय डबा का देत नाही? कारण चिठ्ठीतली गोळी तुम्ही कुटून डब्यात घालता. पायांची सूज उतरते, धडधड बसते, लोक म्हणतात निसर्गाची किमया. सालपाल्यानं असा गोळीसारखा गुण एवढ्यात येतो होय?"

"हे सगळं हवेतलं आहे," विजयकुमार हसून म्हणाला. "फौजदार साहेब, तुम्ही समोर असताना..."

"असू दे हवेतलं. डबा तपासणीला जातोच आहे. मी धरून चालते की त्यात नुसता पालाच आहे." द्वारकाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "मग एवढंच सांगा. या घरात कुणीतरी ग्यानबांना चोरून डॉक्टरची गोळी देत होतं. पाल्याबरोबर गोळी गेली, तर काही बिघडायचं कारण नाही ना?"

"देत होतं?" विजयकुमार ताडकन उठला. "बघा! आणि तुम्ही मला बोलताय! मी घसा फोडून सांगत होतो, गोळी घेऊ नका, गोळी घेऊ नका! दोन्ही मिळून दुप्पट जाणार, मग माणूस मरेल नाही तर काय होईल? पथ्य पाळलं असतं तर..."

तो थांबला. पण बोललेलं बाहेर पडलं होतं. फौजदारांनी शिपायाला खूण केली, आणि शिपाई रूपाबाईजवळून निघून पांढऱ्या शर्टाजवळ जाऊन उभा राहिला.

कोंडीबांना आत्ता कुठं उजेड पडला. "अरे, म्हणजे ते पथ्य नव्हतंच! याला माहीत होतं! पण वहिनी, घरात गोळी दिली कुणी? ती तर उकिरड्यावर..."

"भावजी, गप्प बसा," द्वारकाबाई कधी नव्हे त्या ओरडल्या.

"नका वरडू तेंच्यावर," निर्मलाबाई म्हणाल्या. "परसात तुमी दोरी हातात धरली तवाच मला समजलं. दिवाळीत फेकलेल्या गोळ्यांची न्हाईत ती, संक्रांतीनंतर मीच आणलेल्या गोळ्यांची पाकिटं हायेत."

बालाजीनं मान वर केली.

"डॉक्टर बाजारात समद्या लोकांपुढं म्हणले, कुंकू पुसायची तयारी ठेव. मी काय करू? हे तर गोळीचं नाव काढलं की अंगावर यायचे. मी गोळ्या आणल्या. रोज सांजच्याला माडग्यात कुटून घालायची, वरून गूळ. कडू लागू नये म्हणून. ओकाऱ्या व्हायला लागल्या, मला वाटलं दुखणं वाढून राहिलं. म्हणून एक दिस बी चुकवलं न्हाई. ते गेल्यावर वाटलं, पथ्य मोडलं म्हणून पावडर उलटली असंल. मंग वाटलं, न्हाई, रूपाबाईच असंल. मला इतकं बरं वाटलं, बाई, की तीच असंल. झोप लागली त्या दिवशी. उठल्यावर माझी मलाच शरम वाटली, म्हणून तुमच्या दारात आले."

बालाजी आई आणि फौजदारांच्या मधे येऊन उभा राहिला. "माय, तू गप. तू काय बोलली न्हाईस. साहेब, हे कायबी लिवू नका. विजयकुमारला न्या. न्हाईतर... रूपाबाई तर हायच की आत. तिला काय, तांड्यावर काय अन् ठाण्यात काय!"

अंगणातून रूपाबाईनं हे ऐकलं. या पोराला जन्मताना तिनंच पहिल्यांदा हातात धरलं होतं.

निर्मलाबाईंनी उठून बालाजीच्या तोंडात मारली. एकदाच, सगळा जोर लावून. मग द्वारकाबाईंना विचारलं, "मी गोळी दिली नसती तर?"

द्वारकाबाईंनी नोकरीत चोरांशी खोटं बोलून गुन्हे कबूल करून घेतले होते, आयांशी खोटं बोलून पोरांचे मृतदेह ताब्यात दिले होते. इथंही एक खोटं चाललं असतं. कोंडीबा डोळ्यांनी तेच विनवत होते. पण ही बाई खोटं घेऊन जायला आली नव्हती.

"पावडरीतली गोळी एकटीच गेली असती तर बहुतेक जगले असते," त्या म्हणाल्या. "पण डब्यात गोळी आहे हे फक्त त्याला माहीत होतं. तुम्हाला नाही."

"व्हय," निर्मलाबाई म्हणाल्या. "पर वाटी माझ्या हातात व्हती."

फौजदारांनी ओसरीवरच कागद काढला. निर्मलाबाईंचा जबाब झाल्याशिवाय रूपाबाईला सोडता येत नव्हतं आणि विजयकुमारवर माणूस मारल्याचं कलम लावता येत नव्हतं. ते अवघडून गेले. "मी असं लिहितो मावशी, की नजरचुकीनं गोळी दिली गेली. म्हणजे पुढं तुम्हाला त्रास नको."

"नजरचुकीनं न्हाई, साहेब. समजून उमजून दिली. माणूस जगावा म्हणून रोज कुटून दिली. तसंच लिवा." निर्मलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. "आन् जरा लवकर लिवा, रूपाबाई कवाची उन्हात उभी हाय."